खांद्याचे माप

"आधी कुठली बाही काढलीस?" बहिणीने विचारले.

"कुठली तरी काढली. टी-शर्टच काढायचा होता ना?"

"डावी काढलीस. मग डोक्यावरून घेतलास आणि उजवी नुसती ओघळू दिलीस. दुखऱ्या खांद्याचा माणूस असाच कपडा काढतो, दादा. किती दिवस झाले?"

दादा पडद्याकडे बघत राहिला. पडद्यापलीकडे दुकानाचे मालक कुणाला तरी कुबड्यांची उंची समजावून सांगत होते. अलीकडे, शिलाई मशीन, आरसा आणि एक स्टूल एवढ्याच सामानाच्या खोलीत, त्याची धाकटी बहीण गळ्यात टेप अडकवून उभी होती.

"चार महिने," तो म्हणाला.

सर्जिकल साहित्याच्या या दुकानात ती एकोणीस वर्षे काम करत होती. त्याआधी ब्लाऊज शिवायची. आता गुडघ्याचे, कंबरेचे, मानेचे, खांद्याचे पट्टे बसवून द्यायची. खोक्यावरचा नंबर वाचून पट्टा देणाऱ्यांवर तिचा मुळीच विश्वास नव्हता. गिऱ्हाईक आले की ती म्हणायची, "काम करून दाखवा." मग रंगारी भिंतीला खोटा रंग लावायचा, ड्रायव्हर हातात ताटली धरून वळण घ्यायचा, शाळेतल्या बाई हवेत फळा लिहायच्या. हात कुठे अडतो ते बघून ती पट्टा निवडायची, गरज पडली तर उसवून पुन्हा शिवायची. तिने बसवलेला एकही पट्टा आजवर परत आला नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे मालकांना वेगळी जाहिरात करावी लागत नसे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आतला स्नायू झिजलाय म्हणे. सांगितलेले व्यायाम करा, तीन महिने विश्रांती घ्या."

"मग घे की."

"मी तीन महिने घेतली तर क्लब मला कायमचीच देईल."

दादा टेनिस क्लबात मार्कर होता. म्हणजे ज्या सभासदाला जोडीदार मिळत नसेल त्याच्याशी खेळायला ठेवलेला पगारी खेळाडू. एकतीस वर्षे झाली होती. आता क्लबला नवे सेक्रेटरी आले होते. शनिवारी ते स्वतः दादाशी तासभर खेळणार होते आणि मग ठरवणार होते की हाच मार्कर ठेवायचा की कुणी तरुण बघायचा. दादाला शनिवारपर्यंत खांद्याला काहीतरी हवे होते, आणि तेही टी-शर्टच्या आत दिसणार नाही असे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला.

"मूठ झाकता येते. खांदा झाकून खेळता येतं का ते बघू."

तिने तीन प्रकार समोर मांडले. पहिला नुसताच बाहीसारखा, खांद्याला ऊब देणारा. "हा मनाच्या समाधानाला." तिसरा हात पोटाशी बांधून टाकणारा, जाडजूड. "हा नाकापेक्षा मोती जड." मधला तिने हातात ठेवला. त्याला छातीवरून पलीकडच्या काखेत जाणारा पट्टा होता. हा जिथे बांधू तिथे हाताला थोपवायचा.

"आता काम करून दाखव," असे म्हणून तिने कोपऱ्यातली छत्री त्याच्या हातात दिली.

दादाने डाव्या हाताने नसलेला चेंडू वर उडवला, पाठीची कमान केली आणि छत्री डोक्यामागून वर नेली. सर्व्हिस. तीच, एकोणिसाव्या वर्षी शहराचा कप जिंकताना केलेली, जी बघायला बहीण कुंपणाच्या भिंतीवर बसली होती आणि टाळ्या वाजवून तिने तळहात लाल करून घेतले होते. छत्री वर पोहोचली तेव्हा दादाचा चेहरा पांढरा पडला, पण ऐट तसूभर ढळली नाही. बहिणीला भरून आले. तिने पट्टा असा बसवला की हात वर जावा, पण मागे फार ताणू नये. कडा उसवून पातळ केल्या.

"जा. हात माझा लागलाय," ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी पट्टा परत आला.

दादाने तो पिशवीतून काढून मशीनवर ठेवला. "टोचतो," एवढेच म्हणाला. मालकांनी पडदा बाजूला करून बघितले आणि शहाण्या माणसासारखा पुन्हा सोडला. बहिणीने दादाचा उजवा हात उचलला. काखेच्या पुढच्या बाजूला, खाली, लालभडक वळ उठला होता.

"हा वळ सर्व्हिसचा नाही," ती म्हणाली.

"तू काय डॉक्टर झालीस?"

"काखेत वळ आलाय, दादा. हात वर नेणाऱ्याला इथे घासत नाही. तू दिवसभर हात खालून, आडवा फिरवतोस. काय करतोस तू तिथे?"

"खेळतो," दादा म्हणाला आणि निघून गेला.

शुक्रवारी सकाळी तिने दुकानात उशिरा येईन म्हणून कळवले आणि क्लबात गेली. एकतीस वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. दादाने कधी बोलावले नाही आणि तिलाही कधी वाटले नाही. घरात सगळे म्हणत, दादा क्लबात खेळतो. तेवढ्याने घराची मान ताठ राहायची.

ती जाळीच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. आत दादाच्या शेजारी चाकांच्या गाड्यावर चेंडूंनी भरलेली टोपली होती. टोपलीतून एक चेंडू, कमरेच्या उंचीवरून, आडव्या हाताने, नेटपलीकडच्या एका गोल गरगरीत गृहस्थाकडे. मग दुसरा. मग तिसरा. "वा साहेब. असाच. गुडघा वाकवा." दोनशेपर्यंत तिने मोजले, मग सोडून दिले. खेळ सुरू झाला तेव्हाही सर्व्हिस दर वेळी साहेबांचीच होती. मार्करला कुणी सर्व्हिस करायला सांगत नव्हते. सकाळी सहाला उठून हरायला कोण येणार?

पहिल्यांदा तिला रागच आला. एकदा तर दादाने सोपा चेंडू नेटमध्ये घातला आणि तिच्या तोंडून "अरे" निघून गेले. पण माप घेणाऱ्या बाईच्या डोळ्यांपासून फार वेळ काही लपत नाही. गृहस्थांना उजवीकडे दोनच पावले धावता येत होती, आणि दादाचा प्रत्येक चेंडू बरोबर दोन पावलांवर पडत होता. नंतर एक काटकुळी बाई खेळायला आली, तिला तीन. कुणाला किती दमवायचे, कुणाला कधी जिंकू द्यायचे, सगळे त्याच्या मनगटात होते. उंच चेंडू डोक्यावरून जाऊ लागला की तो दोन पावले मागे जायचा, रॅकेट उचलायचा, आणि पोहोचता येत असूनही सोडून द्यायचा. "सुरेख, साहेब." साहेब दिवसभर खुश.

खेळ संपल्यावर तिने त्याला नळापाशी गाठले. तो दचकला.

"तू इथे कशी?"

"छत्रीने काय दाखवलंस मला?"

"टेनिस."

"मी काम दाखव म्हटलं होतं."

दादाने तोंडावर पाणी मारले. पुसायला उजवा हात वर नेला, थांबला, आणि मान खाली करून डाव्या हाताने पुसले.

"धाकट्या बहिणीपुढे टोपलीतले चेंडू मारून दाखवू, चिमे? तू त्या सर्व्हिसला टाळ्या वाजवल्या होत्यास. तुझ्या लेखी मी तोच आहे. म्हटलं राहू दे."

तिला वाईट वाटले आणि ते तिने लपवले नाही. पदराने डोळे टिपले, मग म्हणाली, "त्या कपापेक्षा हे अवघड आहे. मला टेप लागते. तू नुसतं बघून माणसाचं माप घेतोस. आणि मला वेड्यासारखी सर्व्हिसची मापं घ्यायला लावलीस. माझा पट्टा परत आणलास तो आणलासच."

दादा हसला. चार महिन्यांत पहिल्यांदाच असावा.

दुपारी दुकानात तिने काखेपुढून छातीवर जाणारा बंद उसवला आणि पाठीवरून नेला. आडवा हात आता मोकळा फिरत होता. वरच्या बाजूला मात्र तिने दुहेरी शिलाई घातली.

"हात खांद्यापर्यंत जाईल. त्याच्या वर मी जाऊ देणार नाही. वर गेला तर खांद्यातला उरलेला धागाही तुटेल."

"आणि उंच चेंडू आला तर?"

"सोडायचा. रोज सोडतोसच की."

"सोडणं वेगळं, न पोहोचणं वेगळं."

"कोणाला कळणार आहे?"

"मला."

ती वेल्क्रो पुन्हा पुन्हा दाबत राहिली. मग म्हणाली, "आणि ऐक. पट्टा खांदा सांभाळतो, बरा करत नाही. सोमवारपासून डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम, माझ्यासमोर, याच स्टुलावर बसून. महिन्याभरात फरक पडला नाही तर सेक्रेटरींना तू स्वतः सांगायचंस."

"शनिवार तर होऊ दे."

शनिवारी ती जाळीबाहेर होती. सेक्रेटरी उंच, कोऱ्या बुटांचे, सगळ्यांचे हिशोब आजच चुकते करायला निघाल्यासारखे खेळत होते. दादाने पहिल्या पाच मिनिटांत त्यांना ओळखले. या माणसाला सहज मिळालेले आवडत नाही. म्हणून त्याने त्यांना पळवले, घामाघूम केले, चार गुण घेतले की पाच दिले. टी-शर्टखाली काय आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. पट्टा टाक्याबरहुकूम चालत होता आणि बहीण मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती.

शेवटच्या गुणाला सेक्रेटरींनी चेंडू उंच उडवला. हा सोडण्याचा चेंडू नव्हता. हा परतवायचा, आणखी दोन फटके खेळवायचे आणि मग द्यायचा, असा होता. आता तिलाही तेवढे कळत होते. दादा नीट त्याच्या खाली आला. पाठीची कमान झाली. रॅकेट वर निघाली, खांद्यापर्यंत आली आणि दुहेरी शिलाईपाशी थांबली. चेंडू त्याच्या डोक्यावरून जाऊन रेषेच्या आत पडला.

दादाने वळून त्या जागेकडे बघितले. मग म्हणाला, "सुरेख, साहेब."

सेक्रेटरी खदखदून हसले आणि हात पुढे करत नेटपाशी आले. "मला वाटलं हा तुम्ही मारणारच. सोमवारी याच वेळेला भेटू. तुम्ही आहात तोवर दुसरा कुणी कशाला?"

दादाने हात मिळवला, सेक्रेटरींना कोर्टाच्या दारापर्यंत पोहोचवले आणि तो चेंडू आणायला कुंपणाशी आला. बहीण जाळीच्या पलीकडेच होती.

"हा सोडलेला नव्हता," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"माहीत आहे."

दादाने वाकून डाव्या हाताने चेंडू उचलला, टी-शर्टला पुसला आणि टोपलीत ठेवला. मग टोपली ढकलत तो पुढच्या सभासदाकडे गेला, ज्याला उजवीकडे एकच पाऊल जाता येत होते.