चाप बदललेली रायफल

मी एक रायफल बोलतेय. जुनी म्हणायचं की नवी, ते शेवटी तुम्हीच ठरवा, कारण माझं मला अजून उमगलेलं नाही. नळी माझीच आहे. बोल्ट माझा आहे, म्हणजे तो दांडा, जो मागे ओढून पुढे ढकलला की काडतूस आत बसतं. बाकीच्या अंगाबद्दल मी छातीठोकपणे काही सांगत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा असा घोळ नव्हता. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता होता, नळीवर नेम धरायला लोखंडी माशी होती आणि चाप जड होता. हा चाप लक्षात ठेवा. आधी तो थोडा सैल सरकायचा, मग अडायचा, आणि नेट लावला की मगच सुटायचा. दुकानात मला हाताळणारे कितीतरी जण तेवढ्यावरून नाक मुरडून गेले. रेइनो कांगासनं मात्र मला घेतलं. तो तेव्हा लोखंडाच्या खाणीत नुकता लागला होता.

आमचं गाव अमेरिकेत, मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियर सरोवराच्या काठी. तिथे नोव्हेंबरात हरणांचा मोसम उघडतो तेव्हा खाणीपासून शाळेपर्यंत सगळं ओस पडतं. रेइनो आणि त्याचा खाणीतला सोबती गस ट्रेव्हॅरो जंगलातल्या लाकडी झोपडीत राहायला जायचे. तिला सगळे कॅम्प म्हणतात. त्या थंडीत रेइनोच्या हातात कातडी हातमोजे असायचे आणि त्यांच्या आत लोकरीचे मोजे. ते त्याच्या बायकोनं, हेल्मीनं विणलेले. चापाचं बोट तिनं वेगळं विणलं होतं, जाडजूड. हरीण दिसलं की रेइनो कातडी मोज्यातून हात काढायचा, लोकरीचं बोट माझ्या चापाच्या अडण्यावर टेकवायचा आणि वाट बघायचा. मग श्वास सोडायचा आणि ओढायचा. एवढी वर्षं आमचं दोघांचं असंच चाललं होतं आणि कुणाचीच तक्रार नव्हती.

कॅम्पच्या दारामागे खिळ्यांची एक ओळ आहे. मोसम संपला की जो पुढच्या वर्षी येणार, तो हातमोजे आपल्या खिळ्यावर ठेवून घरी जातो. कुणी कुणाला विचारत नाही, खिळा बघतात. हेल्मी गेली त्या वर्षी रेइनोनं मोसम संपल्यावर आपले हातमोजे खिळ्यावरून काढले आणि खिशात घालून घरी आणले.

ते स्वयंपाकघरात टेबलावर दिसले आणि त्याची मुलगी आयली मटकन खाली बसली.

"बाबा, हे इथे कसे?"

"धुवायला आणलेत."

"आजवर कधी धुतलेत तू?"

त्याची नजर अधू झाली होती, खांदा दुखत होता, हे तिला माहीत होतं. हेल्मी गेल्यापासून तो खुर्चीतून खिडकीबाहेर बघत बसायचा, हेही ती रोज पाहत होती. कॅम्पही सुटला तर हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही, अशी तिला धास्ती बसली. बाबाला परत जंगलात न्यायचं, एवढंच तिनं मनात धरलं. आणि धरलं मला!

उन्हाळाभर घरी खोकी येत राहिली. फोनच्या पडद्यावर एक दाढीवाला माणूस बोलायचा आणि तो सांगेल तसं आयली स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझे स्क्रू काढायची. पहिल्यांदा दस्ता गेला. त्याच्या जागी काळं, हलकं, प्लास्टिकसारखं काहीतरी आलं. त्याच्या टोकाला रबराची उशी होती, खांद्याला धक्का कमी बसावा म्हणून. मग लोखंडी माशी गेली आणि डोक्यावर दुर्बीण बसली. नळी दस्त्याला कुठे घासत नाही ना हे बघायला आयलीनं मधल्या फटीतून एक डॉलरची नोट सरकवली. नोट सुळकन गेली तशी ती टाळ्या पिटायला लागली. नोट अडली नाही यात एवढं आनंदाचं काय, मला काही कळेना. जुना दस्ता तिनं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, सरपणात टाकला. मी टेबलावर आणि माझं अंग सरपणात. आता मी नक्की कुठे आहे? विचारणार तरी कुणाला?

शेवटी चाप. दाढीवाला म्हणाला, जुना चाप म्हणजे निव्वळ लोढणं. नवा बसला. बोट लागलं की टिक. अडणं नाही, सरकणं नाही, काही नाही. मला तर वाटायचं की माझ्या तोंडून शब्द निघायच्या आतच कुणीतरी तो उच्चारून मोकळं होतंय.

रेइनोनं मला हातात घेतलं. दुर्बिणीतून समोरच्या घराच्या छपराकडे बघितलं.

"वजनच नाही गं हिला."

"आवडली?"

"छान केलीस." असं म्हणून त्यानं मला खाली ठेवलं, जसं पाहुण्यांचं मूल ठेवतात तसं. तरी तिच्या आग्रहाखातर तो नेमबाजीच्या मैदानावर आला. सप्टेंबरचं ऊन होतं, उघड्या हातांनी त्यानं कागदाच्या मधोमध गोळ्या मारल्या. आयलीचा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, असेल बाई, मीच जुनाट असेन.

मोसमाच्या पहिल्या दिवशी बर्फ पडत होतं. आयली आणि रेइनो आडोशाला बसले होते, नारिंगी टोप्या घालून. सीडरच्या झाडीतून एक नर बाहेर आला, चांगला रुंद शिंगांचा. रेइनोनं कातडी मोज्यातून हात काढला, मला उचलू लागला आणि नेहमीप्रमाणे लोकरीचं बोट अडण्यावर टेकवायला गेला.

अडणं नव्हतंच. मी सुटले. गोळी बर्चच्या बुंध्यात आणि हरीण दोन उड्यांत गायब. मी उडवली? त्यानं उडवली? शप्पथ, मला कळलं नाही.

रेइनोनं मला मांडीवर आडवं ठेवलं. मग म्हणाला, "झालं. हात गेले माझे."

"अरे बाबा, होतं असं कधीतरी."

"मला नाही होत."

हे खरं होतं. कॅम्पच्या भिंतीवर सदऱ्यांचे तुकडे ठोकलेले आहेत. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं, हा तिथला नियम. गसच्या सदऱ्यांनी अर्धी भिंत भरलीय. रेइनोचा एकही तुकडा तिथे नव्हता.

संध्याकाळी टेबलावर पास्टी, म्हणजे खाणकामगारांच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, वाढल्या होत्या आणि गस कात्री वाजवत उभा राहिला. "या, या कांगाससाहेब! आयुष्यभर या घटकेची वाट बघितलीय मी. माझं पास्टीचं ताट गार झालं तरी चालेल."

रेइनोनं कोट काढला आणि पाठ फिरवली. "काप. पण उद्या मी घरी जातोय. आणि माझा खिळा कुणालातरी देऊन टाक."

गसची कात्री हवेतच राहिली. "अरे लेका, मी थट्टा करतोय."

"मी नाही करत."

आयली उठली. "गसकाका, जरा थांब." तिनं मला घेतलं, बोल्ट उघडून आत काडतूस नाही ना ते बोट घालून पाहिलं, बापालाही दाखवलं, आणि माझं तोंड भिंतीकडे करून मला त्याच्या हातात दिलं. वर ते लोकरीचे मोजे दिले. "घाल. नेहमी करतोस तसं कर."

रेइनोनं बोट टेकवलं. टिक.

"अगं, मी अजून ओढलाच नाही," तो म्हणाला.

"पुन्हा कर," म्हणत तिनं बोल्ट मागेपुढे ओढला.

टिक.

"नुसतं टेकवलं मी! कळलंसुद्धा नाही मोज्यातून."

आयली बाकावर बसली. चेहरा उतरला होता तिचा. "आपण सगळं उन्हात तपासलं, बाबा. उघड्या हातांनी. तुझ्या हातात आईचे मोजे असतात हे माझ्या लक्षातच आलं नाही." मग तिनं आपला चौकड्यांचा सदरा विजारीतून बाहेर ओढला आणि गसकडे पाठ केली. "काप. गोळी माझी होती."

"तू तर बंदुकीला हातही लावला नव्हतास!"

"काप म्हणते ना!"

गसनं कापलं. तुकड्यावर त्यानं जाड अक्षरात लिहिलं, 'आयली. न झाडता चुकली.' तो ठोकताना रेइनो हसला. हेल्मी गेल्यापासून मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं, म्हणून आधी मला वाटलं की त्याला ठसका लागलाय.

आयलीच्या हत्यारांच्या पेटीत जुना चाप होता. "चाप बसवते आत्ता. पण तो दस्ता मी सरपणात टाकला रे बाबा. जळला असेल."

रेइनो बाहेर आपल्या गाडीकडे गेला. सीटमागून घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. माझा दस्ता! माझं हरवलेलं अंग! त्याच्या अंगावर घोंगडी होती आणि मी बाई प्लास्टिकमध्ये कुडकुडत होते.

"हा गाडीत कसा?" आयलीनं विचारलं.

"बर्फात चाक रुतलं तर खाली घालायला."

"घोंगडीत गुंडाळून?"

"खा आता, पास्टी गार होतेय."

दुर्बीण मात्र त्यानं काढू दिली नाही. हरणाचे कानसुद्धा दिसतात म्हणाला. रबराची उशी जुन्या दस्त्याला बसेना, तर आयलीनं ती चिकटपट्टीनं गुंडाळली. दुसऱ्या दिवशी कागदावर नेम पुन्हा बांधून घेतला. तेव्हापासून मी अशी आहे, आजीबाईंनी नातीचा चष्मा घालावा तशी.

पुढे एका संध्याकाळी एक नर दुर्बिणीत आला. रेइनोचं बोट अडण्यावर टेकलं. तो थांबला, श्वास सोडला, आणि हरीण सीडरमागे गेलं तरी थांबलेलाच राहिला. मुद्दाम सोडलं की उशीर झाला? मला विचारू नका. घरी परतताना तो शीळ घालत होता एवढं खरं.

तुमच्याकडे माझ्यासारखं काही जुनं असेल तर खुशाल सुधारा. मला राग नाही, दुर्बीण तर मला आवडायलाही लागलीय. फक्त एकदा भर थंडीत, ज्याचं आहे त्याच्या हातात, त्याचे मोजे घालून बघा. मी जुनी की नवी, हे मला अजूनही सांगता येत नाही.

मोसम संपला. कॅम्पची चूल विझवली, भांडी घासली, गसनं खिडक्या लावल्या. रेइनो मला घेऊन निघाला आणि गाडीपर्यंत आल्यावर आयली म्हणाली, "बाबा, हात उघडे का? हातमोजे कुठायत?"

"असू देत," तो म्हणाला. "आहेत खिळ्यावर."