बिस्किटांच्या डब्यातला दवाखाना

आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणते. औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं होते म्हणे. होते, हे खरं आहे. खोकी बांधायला होते. गोळ्या आत भरल्या गेल्या की खोक्यावर चिकटपट्टी मारायची आणि वर शिक्का उठवायचा, एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. आमच्या घरात सगळी वासरंच, आणि त्यातलं सर्वांत मोठं वासरू म्हणजे माझा नवरा. बाप म्हणेल त्याला मान डोलावतो.

मामंजींचा दवाखाना कपाटाच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. कुणाची दाढ दुखली, कुणाचा पाय मुरगळला, की उरलेल्या गोळ्या त्यात जमा. पाकिटं अर्धीमुर्धी कापलेली, त्यामुळे नावंही अर्धीमुर्धीच. मामंजी रंगावरून ओळखतात. लाल म्हणजे अंगदुखी, पिवळी म्हणजे जंतू, गुलाबी म्हणजे पित्त. आणि रोग बहुतेक पित्ताचाच. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. सून उलटून बोलली, तेही पित्तच.

मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर ट्यूबलाइटखाली शर्ट उलटे करायचे, शिवण सुटली असेल तिथे लाल ठिपका चिकटवायचा आणि परत पाठवायचं. म्हणजे खोट काढायची, आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी ते ठिपके चिकटवायची सोय नाही, नाहीतर एकाचंही कपाळ मोकळं राहिलं नसतं.

माझी धाकटी जाऊ त्याच कारखान्यात काजाच्या मशीनवर बसते. लग्नाला आठ महिने झालेत. दीर सदा फिरतीवर. पोरगी कामाला वाघ, पण घरात तोंडातून शब्द काढायची नाही. त्या आठवड्यात मी पाहिलं, दर तासाला उठून मोरीकडे जातेय. इस्त्रीच्या वाफेचा वास आला की पदर नाकाला. दुपारी डबा उघडायची आणि तसाच मिटायची. एकदा मशीनवरच पेंगली, सुई बोटात जायची राहिली.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. अकरा वर्षांपूर्वी मलाही असंच झालं होतं. उलट्या, कणकण, मरगळ. मामंजींनी पित्त ठरवलं आणि आठवडाभर डब्यातल्या गोळ्या चारल्या. मग एका दुपारी मी तपासणीच्या टेबलावरून उठले, तर स्टूल रक्तानं भरलेलं. मामंजी म्हणाले, "उष्णता बाहेर पडली, बरं झालं." नवऱ्यानं मान डोलावली. मला कुणी दवाखान्यात नेलं नाही. काय गेलं ते मला चार महिन्यांनी कारखान्यातल्या नर्सबाईंनी समजावून सांगितलं. त्यानंतर पोटात पुन्हा कधी काही राहिलं नाही. त्या दिवसापासून या घरातल्या एकाही माणसाबद्दल माझ्या मनात आदर नाही, आणि मी तो आणायचा प्रयत्नही केलेला नाही.

मोरीपाशी मी धाकटीला गाठलं.

"पाळी कधी आली होती?"

"आली की ताई. मागच्या आठवड्यात."

"नीट आली?"

ती गोंधळली. "दोन-चार ठिपकेच पडले. एका दिवसात थांबली. दमणुकीनं होतं ना तसं?"

"आणि त्याच्या आधीची?"

तिनं बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकली.

"घरी बोलू नका ना. आधी ह्यांना सांगते, आले की."

मी बोलले नाही. इथेच चुकलं माझं. कारण दुसऱ्याच दिवशी तिला ताप भरला. कारखान्यात निम्म्या बायका शिंकत-खोकत होत्या, त्यातलाच. अंग मोडून आलं, घसा बसला. मी कामावरून येईपर्यंत मामंजींनी डबा उघडून दोन लाल गोळ्या दिल्याही होत्या. नुसत्या देत नाहीत ते. समोर उभे राहतात, गिळेपर्यंत, आणि मग जीभ बाहेर काढायला लावतात. त्यांच्या औषधांच्या कारखान्यात कुणी साहेब तसं करायचा म्हणे.

मी तिच्या कानात सांगितलं, "पुढची गिळू नकोस."

"जीभ बघतात हो ते."

"गालात धर आणि चूळ भरायला जा."

तीन दिवस तिनं तसं केलं. पण ताप हटेना, उलट्यांनी पाणीसुद्धा पोटात ठरेना. चौथ्या संध्याकाळी मामंजींनी पिवळ्या गोळ्यांचं पाकीट काढलं. माझ्या नवऱ्याच्या दाढेच्या वेळचं उरलेलं.

"आता कडक कोर्स," ते म्हणाले. "पित्त आणि जंतू एकत्र झालेत."

"मामंजी, उद्या तिला दवाखान्यात नेते मी."

"कशाला? डॉक्टर घरात असताना?"

"खोकी बांधणारे डॉक्टर नसतात," मी म्हणाले.

नवरा म्हणाला, "अगं, वडीलधाऱ्यांशी..." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्यानं लगेच वर्तमानपत्र उघडलं. ते कालचं होतं. रात्री मी डबा फळीवरून काढून माझ्या पिशवीत टाकला.

सकाळी मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. "डॉक्टरशी डॉक्टरच्या भाषेत बोलावं लागतं. तुम्हा बायकांना काय सांगता येणार?"

दवाखाना बाजारामागे, दोन खोल्यांचा. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी धाकटीचा ताप पाहिला, छाती तपासली, जीभ पाहिली आणि तिलाच विचारलं, "दिवस गेलेत का?"

धाकटीनं तोंड उघडायच्या आत मामंजी पुढे झाले. "गेले ना! चार दिवस गेले. आज पाचवा."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "आजोबा, मी गरोदरपणाचं विचारतेय."

मामंजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात, आणि घरात शेंबडं पोरही ओळखेल तो शब्द कळला नाही. "मी तापाचं म्हणत होतो," ते पुटपुटले.

तपासणीची पट्टी केली. दोन रेघा आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मामंजींचं निदान बरोबर निघालं, तेही चुकून.

बाई म्हणाल्या, "ठिपके पडले म्हणजे पाळी आली असं धरायचं नाही. पाळी चुकली, वास नको वाटले, असं थकायला झालं, की आधी पट्टी करायची. आणि आजारी पडलीस तर औषध देणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगायचं. ताप अंगावर काढायचा नाही आणि मनानं कुठली गोळीही खायची नाही, दोन्ही." मग त्यांनी मामंजींकडे वळून विचारलं, "घरी कुठल्या गोळ्या दिल्या?"

"काही नाही. साधंच आपलं." मामंजी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले.

मी पिशवीतून डबा काढला आणि बाईंच्या टेबलावर उपडा केला. लाल, पिवळ्या, गुलाबी. एक गोळी घरंगळत खाली गेली. बाईंनी एकेक उचलून पाहिली, चार-पाच बाजूला काढल्या. "या दिल्या होत्या?"

"लाल दोन पोटात गेल्या," धाकटी म्हणाली. आवाज घोगरा, पण स्वतःचा. "बाकीच्या मी थुंकल्या."

मामंजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू एखादं खोकंच बोललं.

"दोन गेल्या म्हणून घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढे नको. आणि या कुणी दिल्या?"

"यांनी," मी म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी मलाही यांनीच दिल्या होत्या. मलाही दिवस गेले होते. आठवड्यानं रक्त गेलं, तर म्हणाले उष्णता."

हे मी अकरा वर्षांत कुणापुढे बोलले नव्हते. डब्याचं झाकण मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गोळ्यांनीच गेलं असं मी आज सांगू शकत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पुष्कळदा ते कशानंही जातं. पण त्या दिवशी तुम्हाला इथे आणायला हवं होतं."

"मला वाटलं, पित्त," मामंजी म्हणाले. खालच्या आवाजात. मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. काही वाटलं नाही. इतक्या फुटकळ माणसाला मी इतकी वर्षं भीत होते, याचीच लाज वाटली.

बाईंनी धाकटीला सलाइन लावलं, तिला चालेल अशी तापाची गोळी दिली. पाणी घोटघोट घ्यायला सांगितलं. पोटात दुखलं, रक्त दिसलं, धाप लागली तर वेळ न बघता यायचं, हेही. डबा त्यांनी तिथेच ठेवून घेतला.

संध्याकाळी शेजारीण आली, तर मामंजी ओट्यावर बसून सांगत होते, "मीच सांगितलं डॉक्टरीणबाईंना, दिवस गेलेत म्हणून. त्या चाटच पडल्या!" शेजारीण वा वा करत होती. नवरा मान डोलावत होता.

जेवताना मात्र मामंजी कपाळ धरून बसले. "डोकं ठणकतंय. डबा कुठंय?"

नवऱ्यानं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पित्त असेल, मामंजी," मी म्हणाले. "दिवस गेले की उतरेल."

आणि धाकटीच्या खोलीत पाण्याचा पेला घेऊन गेले.