लक्ष्म्यांच्या पोटातलं वजन

माझी भावजय जया हिला एकाच आठवड्यात तीन परीक्षा द्यायच्या होत्या आणि तिन्ही ताकदीच्या. पहिली केटलबेलची, म्हणजे कडी असलेला लोखंडी गोळा एका हाताने डोक्यावर न्यायचा. दुसरी बारबेलची. तिसरीत वजन आपलंच, आडव्या दांडीला लटकून हनुवटी दांडीच्या वर न्यायची. एकीत जरी पास झालं तरी शिकवण्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि ते मिळालं की जबलपूरच्या राइट टाउन भागातल्या जिममधली बायकांची सकाळची बॅच जयाची. साडी नको, सोनं नको, तिला ती बॅच हवी होती.

मी शैलजा, तिची नणंद. शाळेत गणित शिकवून वेळेआधीच निवृत्त झाले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, माहेरीच राहते. तेव्हा घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचा हक्क मला आहे, असं मी समजते.

या परीक्षांचे परीक्षक जबलपूरला दोन वर्षांतून एकदा येतात. मागच्या खेपेला जयाने एकच परीक्षा दिली होती. वजन तिने फुलासारखं उचललं, पण दुसऱ्याला शिकवून दाखवायची वेळ आली तशी तिची दातखीळ बसली. परीक्षकबाई म्हणाल्या, "आपको उठाना आता है, सिखाना नहीं आता." ते वाक्य तिला लागलं ते लागलंच. कित्येक दिवस ती धड जेवली नाही.

यावर शहाण्या माणसाने शिकवायचा सराव केला असता. आमच्या जयाबाईंनी तिन्ही परीक्षांना नाव दिलं. शिकवण्याची चाचणी तिन्हींना मिळून एकच, तिथे बोबडी वळली की तिन्ही बुडाल्या, आणि ही आपली वजनं उचलत सुटली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! सकाळी अंगणात केटलबेल, दुपारी जिममध्ये बारबेल, संध्याकाळी पडवीतल्या लोखंडी पाईपला लोंबकळणं. बारबेलसाठी पोटभर खायचं आणि पाईपला लटकताना खाल्लेल्या प्रत्येक पोळीचा पश्चात्ताप करायचा. तळहातांची सालटं निघाली. रात्री भाजी चिरताना ती सुरी दोन बोटांत धरायची.

"अगं, हात तर पाह्य आपले," मी म्हणाले. "दोन दिवस आराम कर ना."

"आराम एग्झाम के बाद, दीदी. अभी नाही थांबू शकत मी."

गंमत अशी की रोज सकाळी शेजारची सुनेत्रा आणि गल्लीतल्या दोघीतिघी अंगणात येत, आणि ही त्यांना उत्तम शिकवायची. आवाज असा की माझी पोथी थांबायची. पण ते शिकवणं हिच्या हिशेबातच नव्हतं. "वो तो अपनीच बाया आहेत," म्हणायची.

अशात महालक्ष्म्या आल्या. आमचं घर मूळ अमरावतीकडचं. जबलपुरात तीन पिढ्या झाल्या, मुलं हिंदीत भांडतात, पण लक्ष्म्या तिकडच्यासारख्याच बसतात. पत्र्याच्या दोन बुटक्या कोठ्या, त्यांत गहू, वर धड, त्यावर साडी आणि पितळी मुखवटे. एकदा बसवल्या की तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या अक्षता पडेपर्यंत त्यांना बोट लावायचं नाही. आणि यंदा विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी जयाच्या परीक्षा सुरू! जिम परीक्षेच्या तयारीसाठी बंद होती. म्हणजे भरवसा घरच्या वजनांवर.

पहिल्या दिवशी लक्ष्म्या बसल्या, आरती झाली आणि जया अंगणात गेली. लगेच परत आली.

"आई, माझे दोन्ही केटलबेल कुठे आहेत?"

माझी आई अनसूया वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "लक्ष्म्यांच्या पोटात."

"मतलब?"

"कोठीत, गव्हाखाली. मागच्या वर्षी धाकटी कलली होती, विसरली काहून? वजन पाहिजे बुडाला. तुझे गोळे पडलेच होते तिथं."

जयाने पडवीकडे पाहिलं. तो पाईपही मखरात गेला होता, त्यावरून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. ती मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

माझं डोकं फिरलं. "आई, तुला काही समजते का? परीक्षा आहे तिची! दगड-विटा नव्हत्या का घरात?"

"देवीच्या पोटात विटा घालू? मग काढ न गोळे, कोणी अडवलं? बसलेल्या लक्ष्म्या हलव आणि काढ."

हलवते कोण! मी देवाशी वाद घालणारी बाई, पण माझीही हिंमत झाली नाही. जयाने तर दुरूनच हात जोडले.

ते तीन दिवस तिने कसे काढले, मी पाहिलं आहे. सोळा भाज्या चिरल्या, पुरण घाटलं, आंबील ढवळली. आई तिला मुद्दाम बसून करायची कामं देत होती आणि झोपायच्या आधी तिच्या तळहातांना साजूक तूप चोळत होती. जया तोंड फिरवून हात पुढे करायची. मला आईचा राग येत होता आणि जयाची फार कीव येत होती. दोन वर्षं एका वाक्याशी झुंजलेली पोर, तिच्या हातातलं हत्यारच कुणी काढून घ्यावं!

तिसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. मुखवटे उतरवले, साड्या घड्या केल्या, गहू पराती भरभरून काढले. तळाशी गोळा दिसला. मी कडी धरून ओढला, तो जागचा हलेना. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा भाऊ अंबादास, जयाचा नवरा, बरगीला नोकरीला असतो, तो लक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी थेट जेवायला आला होता, म्हणजे हे त्याचं काम नव्हतं.

"आई, हे आत ठेवले कोणी?"

"मी."

"तू? सहासष्टाव्या वर्षी?"

आईने मला बाजूला केलं. पदर खोचला, कोठीच्या दोन बाजूंना पाय रोवले, कुल्ले मागे ढकलले, पाठ सरळ ठेवून कडी धरली आणि सोळा किलोचा गोळा घेऊन ताठ उभी राहिली. अंगणातून आणलाही तिनेच होता, एकामागून एक दोन्ही.

जयाचा आ वासलेलाच राहिला. "ये किसने सिखाया तुम्हाला?"

"तूच. रोज सकाळी बोंबलत नाही का तू? 'पीठ सीधी, एड़ी जमीन में गाड़ो, कमर से नहीं, कूल्हे से!' सैपाकघरात मला दुसरं काय ऐकू येते? आधी पिठाच्या डब्यावर करून पाह्यलं. कंबर नाही दुखली, म्हटलं पोरगी बरोबर सांगून राहिली." आईने गोळा अलगद खाली ठेवला. "आणि हात पाह्यले होते मी तुझे. थांब म्हटलं असतं तर थांबली असती का? सासूचं कोण ऐकते! देवीचं ऐकते माणूस."

जयाने आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. सालटं गेली होती, खाली नवी गुलाबी कातडी आली होती. मग ती आईच्या गळ्यात पडली. मी गहू भरायच्या निमित्ताने तिकडे पाठ केली, कारण माझेही डोळे भरून आले होते.

शिकवण्याच्या चाचणीला स्वतः शिकवलेलं एक माणूस न्यायचं असतं. सुनेत्रा ठरली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जया म्हणाली, "आई, तुम्ही चला." मी म्हणाले, धोका आहे, आईचं वय पाह्य. कोणी ऐकलं नाही. ऑटोत आई मध्ये बसली, काठापदराची साडी नेसून.

परीक्षकबाई त्याच होत्या. समोर गोळा ठेवला होता. जया उभी राहिली आणि पुन्हा तेच. ओठ हलले, आवाज नाही. आई गोळ्याजवळ गेली आणि मुद्दाम पाठीला कुबड काढून वाकली. तिच्या सुनेला ते कसं सहन होणार!

"पीठ सीधी, आई!" जया ओरडली. "कूल्हे पीछे! एड़ी गाड़ो, हां, अब उठो!"

आई उठली. गोळा तिच्या हातात, मान ताठ.

"बहुत अच्छा, माताजी," परीक्षकबाई म्हणाल्या. "अब नीचे रख दीजिए."

आई हलली नाही.

"माताजी, रख दीजिए."

"आप नहीं," आई म्हणाली. "मेरी मास्टरनी बोलेगी तब."

परीक्षकबाईंनी जयाकडे पाहिलं. पुढे जया दांडीला लटकण्यात नापास झाली, पोळ्या नडल्या. बाकी दोन प्रमाणपत्रं आज पडवीत लावलेली आहेत. पण ती खरी कधी मिळाली, विचाराल तर मी सांगेन, त्या क्षणी मिळाली. जयाचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र अंगणातला होता.

"ठेवा, आई. आरामात. कूल्हे पीछे."

आईने गोळा खाली ठेवला.