वरची ओळ तिची

आमचा कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन ओळी यायच्या. वरची लिनक्सची, ती बायकोची. खालची विंडोजची, ती माझी. पत्ते खेळायला आणि बिलं भरायला. काहीच केलं नाही तर मशीन आपोआप तिच्या बाजूला जायचं. माझ्या बाजूला जायचं तर बाण दाबावा लागायचा. घरातही तसंच होतं.

ती गेल्यावर मी बाण दाबत राहिलो. तिच्या बाजूला जायचा धीर होत नव्हता. मग विंडोजचं एक अपडेट आलं, मी हो म्हटलं, आणि त्यानंतर ओळी दिसेनाशाच झाल्या. मशीन थेट विंडोजमध्ये जायला लागलं.

मेव्हणी डोक्याला हात लावून बसली. दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान. तयार कपडे ज्यांना बसत नाहीत अशी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायची. कुणाचा एक खांदा खाली, कुणाची पाठ वाकलेली. बायको कॉम्प्युटरवर तिच्या बाजूला नमुना काढायची, मेव्हणी त्यावरून कापड कापायची. तिला स्वतःला नमुना काढता येत नाही. "ताईचे नमुने गेले तर दुकानाला कुलूप," ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने मशीन पाहिलं. "डिस्कचा हा भाग वाचताच येत नाही. विंडोज स्वतःच सांगतंय, फॉरमॅट करा. करू?"

"हात लावू नका," मी म्हटलं आणि मशीन उचलून घरी आणलं.

"भाऊजी, तुम्ही पंप दुरुस्त करणारे. तुम्हाला यातलं काय कळतं?"

"पंपाने पाणी ओढलं नाही म्हणून कुणी विहीर बुजवत नाही. आधी पाणी कुठपर्यंत येतंय ते बघायचं."

"ताई म्हणायचीच, तुम्हाला चहाची किटलीसुद्धा पंपच वाटते."

बायकोने ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं होतं तो बटणांच्या डब्यात सापडला. त्यावरून मशीन सुरू केलं. डिस्क उघडली. सगळे नमुने जागच्या जागी होते. मेव्हणीने पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघा, उतरत्या खांद्याचा गवंडी."

"विहिरीत पाणी आहे," मी म्हटलं. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली. पण नमुने उघडणारा प्रोग्राम तिच्याच बाजूला होता, तिने स्वतःच्या हिशेबाने बसवलेला. ती बाजू सुरू व्हायलाच हवी होती.

फोनवर वाचत, एकेक अक्षर शोधत मी दुरुस्तीच्या ओळी टाइप केल्या. मशीनने नकार दिला. पुन्हा केल्या, पुन्हा नकार.

मग मी पंपाचं करतो तेच केलं. टोकाशी झटापट सोडली आणि सुरुवातीला गेलो. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, कशावरून सुरू करायचं ती यादी नीट वाचली. पेनड्राइव्हचं नाव तिथे दोनदा होतं. दुसऱ्या नावापुढे यूईएफआय असं लिहिलेलं, म्हणजे, फोनवर वाचलं, मशीन सुरू करायची नवी पद्धत. विंडोज त्याच पद्धतीने सुरू होत होतं, आणि मी प्रत्येक वेळी पहिलं नाव निवडत होतो. चुकीच्या पाइपातून पाणी ओढत बसलो होतो.

दुसरं निवडलं. त्याच ओळी पुन्हा टाइप केल्या. या वेळी उत्तर आलं, चूक कुठलीच नाही. पेनड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं.

दोन ओळी आल्या. वरची तिची.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. मशीन आपणहून तिच्या बाजूला गेलं.

प्रिंटरमधून गवंड्याचा नमुना पान पान बाहेर आला. मेव्हणीने पानं जोडली, कापडावर टाचली आणि कात्री चालवली. तो आवाज ऐकून बरं वाटलं.

"भाऊजी, तुमचीही फाईल आहे यात. कंबर बघितलीत?"

बघितली. बायको मला दोन इंच कमी सांगत आली होती.

"सगळं वाचलं म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन करून सांगू का?" मेव्हणीने विचारलं.

"फोन कशाला? शर्ट झाला की गवंड्यालाच तो घालून त्याच्या दुकानावरून एक चक्कर मारायला सांग."

आता मी बाण दाबत नाही. पत्ते तिच्या बाजूलाही आहेत.