कानामागचा वास

तुम्ही माझ्या बहिणीला वासावरून चोर ठरवलंत. साक्षीदार नाही, मुद्देमाल नाही, पंचनामा नाही. चावडीपुढं बायका रांगेत उभ्या केल्यात, एकेकीचा हात नाकाशी नेलात आणि हरणाबाईपाशी थांबून म्हणालात, "हीच." गावचे पोलीस पाटील तुम्ही. तुमचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. तुम्हाला कळेल, गावाला कळेल, तेवढं पुरे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो.

आम्ही जतकडची मेंढरं राखणारी माणसं. मी भाऊसो. घरातला मी एकटाच मेंढरं सोडून सांगलीला आलो आणि हळदीच्या वखारीत पोती उचलतो. हरणा माझी थोरली बहीण, आमची अक्का. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा दादासो मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. आमच्याकडं तेव्हा गवताची काडी नसते आणि तुमच्याकडं ऊस तुटलेली रानं लेंडीखताची वाट बघत असतात. मेंढरं रात्री रानात बसवायची, मालकानं ज्वारी द्यायची, असा जुना रिवाज. औंधच्या डोंगरावर यमाईला नारळ फोडून आमची माणसं तुमच्या शिवारात उतरतात, ती काही कालपासून नाही.

दुष्काळ सरल्यावरची संक्रांत, चौऱ्याहत्तर साल. अक्काचा मुक्काम नाथाजीदादांच्या रानात होता. त्यांची मालकीण राहीबाई मोठ्या मनाची. हळदीकुंकवाला तिनं गावातल्या बायकांबरोबर रानातल्या अक्कालाही बोलावलं. तिचा लेक कृष्णात फौजेत. त्याची पलटण कनौजच्या बाजूला होती, तिथनं त्यानं आईसाठी अत्तराची बाटली आणलेली. लाकडाची डबी, आत कापूस, कापसात बोटाएवढी बाटली. मोगरा, केवडा, गुलाब, चाफा, आणखी कसली कसली फुलं एकात एक उतरवलेली, खाली चंदनाचं तेल. गावात असलं अत्तर कुणी बघितलेलं नव्हतं. राहीबाई काडीनं प्रत्येकीच्या मनगटावर बोटभर रेघ ओढत होती.

अक्काची पाळी आली तशी तिनं हात मागं घेतला.

"आवं मालकीणबाई, हाताला नगा लावू. कोकरं हायती माझी."

"मग? कोकरं काय नाकं मुरडत्यात व्हय?" राहीबाई म्हणाली आणि बायका हसल्या.

"कोकरं न्हाईत, त्यांच्या आया. मेंढी पिल्लू वासावर वळखती. ह्या हातानं पिल्लू उचललं की त्याला ह्यो वास लागणार. मग मेंढी त्याला लाथाडती, पाजत न्हाई. आमी कोकरांच्या दिवसांत साबणसुदिक लावत न्हाई."

"बरं बाई, पदर कर फुडं," असं म्हणून राहीबाईनं पदराच्या टोकाला अत्तर लावलं. अक्कानं ते टोक गाठ मारून कमरेला खोचलं. सवाशिणीच्या हातचं वाण परत करायचं नसतं, म्हणून घेतलं.

दिवे लागले तेव्हा डबी होती, कापूस होता, बाटली नव्हती.

नाथाजीदादा रागीट माणूस. ते तुमच्याकडं आले. तुम्ही दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला गेलेल्या बायका चावडीपुढं बोलावल्यात. सगळ्या नाही. तुमच्या घरची बाईही हळदीकुंकवाला होती, ती रांगेत नव्हती. राहीबाईलाही बोलावलं नाहीत. "मालकीणबाईंना कशाला चावडीवर आणायचं," असं तुम्हीच म्हणालात. अत्तर कुणाला कुठं लावलं हे जिला ठाऊक, तीच बाई तुम्ही घरी ठेवलीत.

आधी डबीतला कापूस हुंगलात. मग हात. शेतकऱ्याच्या बायकोचा, सुताराच्या आईचा, मास्तरणीचा. अत्तर सगळ्यांनाच लागलेलं, पण एकीचाही वास कापसासारखा येईना. अक्का आली. परक्या पुरुषाच्या हातात उघडा हात कसा द्यायचा, म्हणून तिनं हातावर पदर घेतला. कमरेची गाठ तेवढ्यासाठी सोडली. तुम्ही पदर हुंगलात. कापसाचा आणि तिचा वास एकच आला, म्हणून म्हणालात, "बाकीच्यांना बोटभर लागलंय, हिनं बाटली वतून घेतलीया."

पालं उचकटलीत. घोंगड्या झटकल्यात. बाटली सापडली नाही तेव्हा म्हणालात, कोकरांच्या खाली पुरली असेल. मेंढरं त्याच दुपारी रानातून हाकलली. नुकती व्यालेली मेंढी चालेना, तिला दादासोनं खांद्यावर घेतलं. पुढच्या गावात बोंब आधीच पोचली होती. त्या गावानं बसू दिलं नाही, त्याच्या पुढच्यानंही नाही.

मला कळलं तसा मी वखारीतून सुट्टी काढून तुमच्या दारात आलो. तुम्ही ओट्यावर तंबाखू मळत बसला होतात. मला जवळ बोलावलंत, माझ्या खांद्यावर हात टाकलात आणि कानाशी लागून म्हणालात, "केस करत न्हाई, उपकार समज. बहिणीला घेऊन गुमान जा गड्या." त्या वेळी तुमच्या कानामागून वास आला. काहिलीत गूळ करपतो ना, तसा, आणि त्यावर केवड्याची तिखट धार. मला वाटलं, केसांचं तेल असेल. मी तुमच्या पाया पडून निघालो.

अक्का आता जतला आहे. दादासो तिला तोंडानं काही बोलत नाही. पण ती पाण्याला गेली की तो तिचं गाठोडं उघडून हुंगतो. तिनं ते बघितलंय. मला सांगताना ती रडली नाही, फक्त म्हणाली, "भावड्या, त्यो मेंढीगत वागाय लागलाय."

शिमग्याला कृष्णात सुट्टीवर आला. आईसाठी त्याच अत्तराची दुसरी बाटली घेऊन आला. राहीबाईनं मला सांगावा धाडला, कारण एव्हाना चावडीवर काय झालं ते तिला बायकांकडून कळलं होतं आणि तिला झोप लागत नव्हती. मी गेलो. नाथाजीदादा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आई, हात कर," कृष्णात म्हणाला. राहीबाईच्या मनगटावर गुलाब आला आणि लगेच विरून चंदन उरलं. मग त्यानं बायकोला, शालूबाईला लावलं. ती अंगावर पाजणारी. तिच्या हातावर मोगरा उठला, पण पिकून गोड झालेला, सायीसारखा.

शालूबाईनं सासूचा हात ओढून हुंगला. "आत्याबाई, तुमच्या हाताला देवघर आलंय. माझ्या हाताला बाळंतिणीची खोली."

"म्हंजे एकाच घरात हाईस की," राहीबाई म्हणाली.

माझ्या हाताला लावलं तर फुलं गायबच. वखारीत काम करून अंगात मुरलेली हळद वर आली, आणि मागं चाफ्याच्या देठासारखं काहीतरी कडवट. कृष्णात माझा हात सोडून बाटलीचं बूच हुंगायचा, पुन्हा हात हुंगायचा. "आयला, बाटली एकच हाय न्हवं?"

"पदराला लावून बघा," मी म्हणालो.

राहीबाईनं पदराला लावलं. जुन्या डबीतला कापूस आणला, एका नाकपुडीशी कापूस आणि दुसऱ्या नाकपुडीशी पदर धरला. मग नाथाजीदादांच्या पुढं नेऊन धरला. त्यांनी मान वळवली. तिनं मानेच्या बाजूला धरला.

"कळलं का?" ती म्हणाली. "माणसाच्या अंगावर अत्तर बदलतं. कापडावर बदलत न्हाई. कापूस हुंगून चोर हुडकला, मग कापडच घावायचं. त्या पोरीच्या हाताला मी थेंब लावला न्हवता. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

नाथाजीदादा खांबाचा टेका सोडून नीट बसले.

दारात गुंडा उभा होता, त्यांचा गडी. तोंडात सदा तंबाखू, हातात विडी. शालूबाई म्हणाली, "गुंडाभावजींना लावा, न्हाईतर रुसतील."

"मला कशाला वैनी. बैल गाडी सोडून माझ्याच मागं लागतील," असं म्हणत त्यानं विडी टाकली आणि मान पुढं केली. पुरुष लावतात तसं कृष्णातनं त्याच्या कानामागं लावलं. गुंडा घामेजलेला होता. थोडा वेळ गेला.

वास मला आधी आला. काहिलीत करपलेला गूळ, वर केवड्याची धार.

तोच, तुमच्या ओट्यावरचा. शालूबाई बोलली. पोराला दुसऱ्या खांद्यावर घेत ती सहज म्हणाली, "ह्यो वास मी मागं पाटलांच्या दारात घेतलाय. हळदीकुंकू झाल्यावर, त्यांच्याकडं ताक मागायला गेलते तवा."

"शालू," नाथाजीदादा म्हणाले, "आत जा. चहा टाक."

ती आत गेली. गुंडानं खांद्यावरचा पटका ओढून कान पुसला. पुसून वास गेला नाही.

मी तिथनं सरळ तुमच्याकडं आलो. डबी, कापूस, कृष्णातनं दिलेली नवी बाटली तुमच्यापुढं मांडली. म्हटलं, माझा हात हुंगा, मग माझा रुमाल हुंगा. तुम्ही म्हणालात, सर्दी झालीया, नाक चोंदलंय. म्हटलं, बरं, मग कानामागं बोटभर लावू द्या, मी हुंगतो. तुम्ही उठून आत गेलात आणि दार लावून घेतलंत. उठताना तुमच्या अंगाला साबणाचा वास येत होता. ज्या माणसाला बायकांचे हात हुंगायला लाज वाटली नाही, त्याला स्वतःचा कान पुढं करता आला नाही.

गावात काहीजण म्हणतात, बायकांचे हात धरले तेव्हा पाटलांना अत्तर लागलं असेल. लागू दे. बोटांना लागेल. हात हुंगणाऱ्याच्या कानामागं कसं लागेल? कोणी म्हणतात, तो वास तंबाखूच्या घामाचा, आणि तंबाखू खाणारे गावात ढीगभर आहेत. आहेत. त्यांच्या कानामागं फुलं नाहीत. कोणी म्हणतात, पाटलांनी दुसरं कुठलं अत्तर घेतलं असेल. मग बाटली दाखवा. रहिमतपूरच्या बाजारातली असो, औंधच्या जत्रेतली असो, चावडीवर आणा आणि गुंडाच्या कानामागं लावून बघू.

मी तुम्हाला चोर म्हणत नाही. तुमच्या घरच्या बाईलाही नाही. तसं म्हणायला मला तुमच्यापेक्षा जास्त पुरावा लागतो. पण हरणाबाईचं नाव तुम्ही चावडीवर घेतलंत, ते चावडीवरच परत घ्यावं लागेल. येत्या दिवाळीला मेंढरं निघतील. आमच्याकडं थांबली तर मरतील, आणि पश्चिमेला आली तर गावोगाव विचारतील, ही तीच अत्तरवाली काय. दादासो म्हणतो, तू घरी रहा, मी एकटाच जातो. अक्कानं आजवर एकही वर्ष घरी काढलेलं नाही.

तेव्हा दिवाळीच्या आत सांगा. हळदीकुंकवाला पुरुष जात नाहीत. मग राहीबाईच्या बाटलीतलं अत्तर तुमच्या कानामागं कुणी लावलं?