एवढं म्हणजे केवढं

रुपरावांनी हिंगण्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ मशीन चालवलं. रिटायर झाल्यावर त्या कामातल्या खाचाखोचा ते एका ब्लॉगवर लिहू लागले, तेही एका बोटाने टाइप करून. मग कंपवाताने हात धरले आणि एकेका ओळीला सकाळ पुरेना. पण माणूस हट्टी. बोललेलं लिहून घेऊन थेट ब्लॉगवर चढवणारी एक सेवा त्यांनी शोधून काढली. हात नाही तर नाही, तोंड तर शाबूत आहे!

घाईही होती. आयटीआयत शिकणाऱ्या मौद्याच्या मयुरा नावाच्या पोरीने ब्लॉगवर विचारलं होतं, की लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये, त्या फिरत्या पकडीत, जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, मधोमध बसवायचा कसा? तिचा दरवेळी डगमगतच फिरायचा. गुरुवारी प्रॅक्टिकल होतं आणि आज मंगळवार.

रुपराव फोनपुढे दहा मिनिटं मनसोक्त बोलले. मजकूर लगेच ब्लॉगवर गेला, एकही शब्द चुकला नाही. चष्मा लावून त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘आधी असं धरायचं. मग इकडून एवढं ढिलं करायचं, तिकडून एवढं आवळायचं. मग असं पाहायचं.’

कारखान्याच्या गोंगाटात तोंडाने कोण शिकवणार? उस्तादाने हातांनी दाखवायचं, चेल्याने बघून शिकायचं. छत्तीस वर्षांची खोड. रुपराव फोनलाही हातांनीच दाखवत बसले होते.

त्यांनी ती पोस्ट काढून टाकली आणि बायकोला हाक मारली. मनकर्णाबाईंनी जन्मात लेथला हात लावलेला नव्हता, म्हणूनच त्या हव्या होत्या. त्या तूर पाखडायचं सूप घेऊन त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. रुपरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला मनकर्णाबाईंनी अडवलं.

"मले दिसून नाही राहिलं जी. एवढं म्हणजे केवढं?"

ते चिडले. चिडण्याखाली भीती होती. जे हातांना पाठ होतं ते तोंडाला येतच नव्हतं, आणि हात तर दिवसेंदिवस निकामी होत चालले होते. पोस्ट आणखी तीनदा पुसली. दुपारचं जेवण गार झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "द्या ना सोडून. त्या पोरीले कोणी ना कोणी दाखवनच."

"दाखवणारा असता तर तिनं मले काहून विचारलं असतं?"

बाईंनी सूप पुन्हा पुढे ओढलं.

पाचव्या खेपेला रुपराव एकेक शब्द तोलून बोलले, आणि मजकूर चढू न देता अडवून ठेवला. ‘मशीन बंद ठेवा. खडू जॉबच्या अगदी जवळ धरा आणि चक हाताने हळू फिरवा. जिथे खडू लागेल ती बाजू बाहेर आली आहे. तिच्या समोरचा जबडा ढिला करा, घड्याळाचा काटा बारावरून अकरावर येईल एवढीच चावी फिरवून. मग खुणेकडचा जबडा तेवढाच आवळा. खूण पुसा, पुन्हा फिरवा. खडूची रेघ गोल सगळीकडून उमटली की जॉब मधोमध आला.’

"आता तू सांग," ते म्हणाले.

मनकर्णाबाई पाठमोऱ्याच सांगू लागल्या. सांगता सांगता त्यांचे हात सुपावरून उचलले गेले. एका हाताने त्यांनी हवेत खडू धरला. दुसऱ्याने चक फिरवला, थांबवला, आणि न पाहिलेली चावी बारावरून अकरावर आणली, नेमकी तेवढीच. रुपराव बघत राहिले. हे आपलेच हात आहेत असं त्यांना वाटलं, फक्त ते थरथरत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मनकर्णे, इकडं ये," ते म्हणाले. "दाब ते चढवायचं बटन. त्या पोरीले जमते आता."