गिनीपिगच्या पायांतला जोर

"डॉक्टर मॅडम, मी तुमची स्वतःची मुलगी असते, तर तुम्ही मला चिरलं असतंत का?"

मारिसिएलोने एका दमात विचारून टाकलं. ती हे विचारूच शकणार नाही, अशी ब्रीसा आणि शोमारा या मैत्रिणींनी पैज लावली होती. आईने दंडाला चिमटा काढला, पण डॉक्टर पालोमिनो खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या.

शेळीच्या कच्च्या दुधाच्या चीजमधून शिरलेल्या जंतूंनी तिच्या कमरेच्या दोन मणक्यांत बिऱ्हाड थाटलं होतं. आणि त्रुहियो शहरातली मारिनेरा नाचाची स्पर्धा दहा आठवड्यांवर! दोन वर्षं तिने अनवाणी नाचून अंगण झिजवलं होतं.

"एकदा चिरलं की सुटलो," पप्पा म्हणाले. "किडक्या दातासारखं. आमच्या तोमासा आत्याने रोग शोधायला जुन्या रीतीने पोरीच्या पाठीवरून गिनीपिग फिरवला, मग उघडून बघितला. कणा लालभडक! म्हणाली, घाण काढून टाका."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मारिसिएलोला झालं. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"उघडायच्या आधी तो चालत होता?"

"चालत? पळत सुटला! धरताना माझी पँट फाटली."

"म्हणजे पायांत जोर होता. हिच्याही आहे. पाय लुळे पडले असते, पू मज्जारज्जूवर दाबत असता, कणा ढासळला असता, तर माझ्या मुलीलाही आजच टेबलावर घेतलं असतं. हिचं तसं काही नाही. आणि चिरलं तरी औषधं सुटत नाहीत हो, तीन महिने घ्यावीच लागतात. वर जखम भरायची ती वेगळी."

पप्पांनी डोकं खाजवलं. "आत्याने पायांकडे बघितलंच नाही की!"

"आणि स्पर्धा?" आईने हळूच विचारलं. घागऱ्याची झालर तिने स्वतः भरली होती.

"ती दोन्हीकडून हुकते," मॅडम म्हणाल्या.

 चादरीखाली मारिसिएलोने पायाची बोटं हलवून पाहिली. दहाच्या दहा मुकाट ऐकत होती. मग एवढंसं तोंड करून कशाला बसायचं?

"आई, पप्पा, ठरलं," ती म्हणाली. "मी चिरून घेणार नाही. औषधं घेणार, कमरेला पट्टा बांधणार, यंदा त्रुहियोला प्रेक्षकांत बसून घसा फोडणार. पायाला जराशा मुंग्या आल्या, तरी त्याच मिनिटाला तुम्हाला सांगेन. मग मॅडमना खुशाल चिरू द्या!"